पूर्वेकडचे दोन कोपरे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे ज्येष्ठ मार्गदर्शक माननीय विश्वासराव, आपला अमूल्य वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर विराजमान कार्यकारिणीचे सदस्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले सचिव दिनकरराव, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, पहिल्या रांगेत त्यांचा मुलगा हेमेंद्र, आणि लश्कर, मुरार, थेट किल्ल्याच्या पलीकडून भर दुपारच्या उन्हात आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना लीलाचा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला ‘गणिताच्या लीलाताई’ म्हणून पुकारलं. एकतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, तेव्हा ते नाव चिकटलंच आहे. भाषणाची मात्र मला सवय नाही. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय आहे. त्यात आपलं ग्वाल्हेरचं मराठी, बोलता बोलता कुठून हिंदीच्या गल्लीत वळेल सांगता येत नाही. तेवढं चालवून घ्या.

मला सांगितलंय की, दिनकररावांबद्दल दोन शब्द बोला, तुमच्याइतकं त्यांना जवळून कोणी ओळखत नाही. हे खरं आहे. बावीस वर्षं आम्ही या मंडळात एकत्र काम केलं. माझे यजमान गेले, तेव्हा मृत्यूचा दाखला काढायला रांगेत कोण उभं होतं? दिनकरराव. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा अकरा दिवस रोज सकाळी स्कूटरवरून येऊन मला पेपर वाचून दाखवला तो यांनी. परदेशी पंतप्रधानांची नावं इतकी वाकडी वाचायचे की पट्टी बांधलेल्या डोळ्यांतून हसून पाणी यायचं, आणि डॉक्टर मला रागवायचे. मला सख्खा भाऊ नाही. बावीस भाऊबिजा मी यांनाच ओवाळलं आहे. वहिनी पाट मांडायच्या, मी औक्षण करायचे.

हे सगळं मी आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटायला नको की या बाईला उपकारांची आठवण नाही. आठवण आहे. ती नसती तर आज इथं उभं राहणं सोपं गेलं असतं.

आता शिवपुरी रस्त्यावरच्या आपल्या जागेबद्दल.

नव्या मंडळींना कदाचित माहीत नसेल. सीमंतिनीबाई नागपूरहून आल्या आहेत, त्या तिथं खिडकीपाशी बसल्यात. त्यांच्या आत्यासाहेबांनी ती जमीन मंडळाला दान दिली. का? तर भिंड, मुरैना, शिवपुरीकडून कॉलेजसाठी येणाऱ्या मुलींना राहायला वसतिगृह व्हावं. आत्यासाहेबांना स्वतःला कॉलेजात जाता आलं नव्हतं, राहायची सोय नाही म्हणून. दानपत्रात क्षेत्र लिहिलं आहे सहा हजार चौरस मीटर. पूर्वेला सडक, आणि सडकेपासून दहा-बारा मीटर आत एक पक्की विहीर.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात दिनकरराव माझ्याकडे आले. म्हणाले, “ताई, शेजारच्या प्लॉटचं सीमांकन निघालंय. आपली हद्द कुठवर, ते आपल्याला लिहून द्यायचं आहे. तुम्ही त्या ऑनलाइन नकाशावरून काढता ना, तसं क्षेत्रफळ काढून द्या.”

हा माझा छंद तुम्हाला माहीत आहे. गणेशोत्सवाच्या मैदानावरून मांडववाल्याशी वाद झाला, तेव्हा मी घरबसल्या नकाशावरून मैदान मोजलं होतं. सातशे चाळीस म्हणाले मी. टेप लावला, सातशे पस्तीस भरलं. तेव्हापासून आपल्याकडे बोलायची पद्धतच पडली, लीलाताईंनी मोजलं म्हणजे झालं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

रीत अवघड नाही. जागेच्या प्रत्येक कोपऱ्यात उभं राहायचं, मोबाइलवर त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश पाहायचे, दशांश चिन्हानंतर पाच आकडे लिहून घ्यायचे. पाचव्या घरात एकाचा फरक पडला, तर उत्तर-दक्षिण एक मीटरहून थोडं जास्त अंतर होतं. पूर्व-पश्चिम मात्र, आपलं ग्वाल्हेर ज्या अक्षांशावर बसलं आहे तिथं, जवळजवळ नेमका एक मीटर होतो. नागपूरला थोडा जास्त, काश्मीरला बराच कमी. म्हणजे आपल्या गावात रेखांशांची वजाबाकी केली की मीटर हातात येतात. हे मी दिनकररावांना शिकवलं होतं. याच हॉलमध्ये, चहा पिता पिता. ते चटकन शिकले.

जागेवर जायचं, तर माझे गुडघे. शिवाय आत बाभळी माजलेल्या. ते म्हणाले, “ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? मी जातो, फोनवर आकडे सांगतो, तुम्ही लिहा.” सकाळी अकराची वेळ होती. मी टेबलाशी निळी वही उघडून बसले. ते एकेका कोपऱ्यातून फोन करत होते. ते आकडे वाचायचे, मी तेच परत वाचून दाखवायचे, ते “बरोबर” म्हणायचे. तिसऱ्या कोपऱ्यावर धापा टाकत म्हणाले, “ताई, काटा मोडला पायात.” मी म्हटलं, “घरी गेल्यावर हळद लावा.” दोघंही हसलो.

चार बिंदूंवरून क्षेत्रफळ काढलं. आलं चार हजार सहाशे. कागदावर सहा हजार आणि माझ्या वहीत चार हजार सहाशे! मी लगेच फोन केला. म्हटलं, “दिनकरराव, चौदाशे मीटर कमी भरतंय.”

ते शांतपणे म्हणाले, “ताई, जुनी मोजणी साखळीची. त्या काळी कोण एवढं अचूक मोजत होतं? तुमचा हिशेब पक्का.”

इथं मी थांबायला हवं होतं. एकतीस वर्षं मुलींच्या वह्यांवर लाल शाईनं लिहीत आले, ताळा करून पाहा. मी ताळा केला नाही. पुढ्यात दानपत्र होतं आणि फोनवर दिनकरराव होते. मी दिनकररावांवर विश्वास ठेवला आणि त्यांनी तयार केलेल्या पत्रावर सही केली. मंडळाच्या जागेचं क्षेत्र प्रत्यक्षात चार हजार सहाशे चौरस मीटर, पूर्वेची हद्द सोबतच्या बिंदूंप्रमाणे, सही, लीला. पत्र सभेपुढे आलं. तुमच्यापैकी किती जण होतात त्या सभेला? हात वर करू नका, मला माहीत आहे. एकानंही विचारलं नाही. लीलाताईंनी मोजलं होतं ना.

...मला चिठ्ठी आली आहे. ‘वेळेचं भान ठेवावं.’ विश्वासराव, भान आहे. मी पाणी पिते आणि पुढं बोलते.

या जानेवारीत सीमंतिनीबाई आल्या. आत्यासाहेबांची जागा बघायची म्हणून ऑटो करून एकट्याच गेल्या. संध्याकाळच्या आत माझ्या दारात परत. चप्पलही न काढता त्यांनी विचारलं, “लीलाताई, विहीर कुठं गेली?”

मी म्हटलं, “असेल की, सडकेच्या बाजूला. झाडीत दिसली नसेल.”

“झाडी नाहीच तिथं. सडकेला लागून दुकानांचं बांधकाम चाललंय. बारा दुकानांची जोती वर आली आहेत. विहिरीत मलबा भरलाय. लहानपणी मी तिच्या काठावर बसून पेरू खाल्लेत, मला जागा चुकणार नाही. मी मिस्तऱ्याला विचारलं, मंडळाची जागा कुठली? तो म्हणाला, मंडलवालों की तो पीछे है, दीवार के उस पार.”

मी कॉम्प्युटर लावला. त्या नकाशात मागच्या वर्षांची चित्रंही बघता येतात. सहा वर्षांपूर्वीच्या चित्रात विहीर दिसली, काळ्या बटणासारखी गोल. मग निळ्या वहीतले चार बिंदू मी त्यावर ठेवले. विहीर चौकोनाच्या बाहेर पडली. सडकेकडची सगळी पट्टीच बाहेर.

तुम्हाला वाटेल, मी लगेच ओळखलं. नाही. मी पहिली शंका माझ्या वजाबाकीवर घेतली. ती तीनदा केली. मग मोबाइलवर घेतली. मोबाइल चार-पाच मीटर चुकतो, हे मी स्वतः शिकवते. नकाशाचं चित्रही थोडं सरकलेलं असतं. सगळं धरून पाहिलं. पण यंत्र चुकतं तेव्हा कुठं इकडं चुकतं, कुठं तिकडं. इथं पश्चिमेकडचे दोन कोपरे अगदी जागच्या जागी होते, आणि पूर्वेकडचे दोन्ही कोपरे तेवीस मीटर आत. दोन्ही तेवढेच आत. कोणीतरी सडकेपासून पावलं मोजत आत आलं होतं आणि मग उभं राहिलं होतं. दोनदा.

त्या काट्याचं मला अजून कळलेलं नाही. तो खरंच मोडला होता की नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि सीमंतिनीबाई टेप घेऊन जागेवर गेलो. जायला हवं होतं तेव्हा गेले नव्हते, आता काठी टेकत गेले. सडकेच्या कडेला, विटांच्या ढिगाखाली हद्दीचा जुना दगड अर्धा दिसत होता. तिथून पश्चिमेच्या दगडापर्यंत टेप लावला. शंभर मीटर. उत्तर-दक्षिण साठ. आत्यासाहेबांच्या काळच्या साखळीनं जराही चूक केली नव्हती. आणि आता सडकेकडून आपल्या जागेत शिरायला वाट नाही. उद्या वसतिगृह झालंच, तर मुलींना आपल्याच दारी जाण्यासाठी दुकानदारांची परवानगी मागावी लागेल.

दुकानं कोणाची, ते फलकावर लिहिलं होतं. शेजारच्या प्लॉटचे मालक आणि त्यांचे भागीदार. भागीदाराचं नाव हेमेंद्र.

हेमेंद्र, बस बाळा. जायचं असेल तर जा, दार उघडंच आहे. तुला मी पाढे शिकवलेत, तुझ्यावर माझा राग नाही. ...गेला. असो.

मी दिनकररावांच्या घरी गेले. नई सडकेवरच्या त्या जिन्यावर गुडघ्यांमुळं मला दोनदा थांबावं लागतं, त्या दिवशी तीनदा थांबले. पुण्याला जायची बांधाबांध सुरू होती. मी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, “त्या दिवशी तुम्ही कुठं उभे होता?”

“कोपऱ्यावर.”

“पूर्वेच्या कोपऱ्यावर सडक आहे, दिनकरराव. मागून गाड्यांचा आवाज यायला हवा होता. फोनवर मला चिमण्या ऐकू येत होत्या.”

त्यांनी वही मिटून बाजूला सारली. मग म्हणाले, “पोराचा तिसरा धंदा बसला होता, ताई. त्याला कुठंतरी उभं करायचं होतं. मंडळाची जागा तशीही वीस वर्षं पडून आहे. वसतिगृह कोण बांधतंय?”

“मग मंडळाकडे मागायची होती जागा. माझ्याकडे बोलायचं होतं.”

“तुम्ही हो म्हणाला असता?”

“नसते म्हणाले.”

“मग?”

मी विचारलं, “पण माझ्याकडेच का आलात? दुसऱ्या कोणाकडून मोजून घेतलं असतं.”

त्यावर ते जे म्हणाले, ते मी जसंच्या तसं सांगते. म्हणाले, “दुसऱ्या कोणी मोजलं असतं, तर लोकांनी पुन्हा मोजायला लावलं असतं.” आणि वर मला धीर दिला, “तुम्ही काळजी करू नका. तुमच्या गणितात चूक नाहीच. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही.”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. दिनकरराव चटकन म्हणाले, “अगं, ताईंना पुण्याचा पत्ता लिहून दे.” वहिनींनी खरंच लिहून दिला, वळणदार अक्षरात. खाली लिहिलं, ‘भाऊबिजेला नक्की या.’ त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मला त्या अक्षरावरूनच कळलं.

जिना उतरून मी सराफ्यापर्यंत पायी गेले. कशासाठी, ते आठवत नाही. एका दुकानाच्या पायरीवर बसले. मला जमिनीचं दुःख नव्हतं त्या वेळी, स्पष्ट सांगते. मला आठवत होते ते पेपर वाचलेले अकरा दिवस. तेही खरे होते की नाही, हे मला आता कोणाला विचारता येणार होतं? माणूस एक गोष्ट हिरावून घेतो, तेव्हा मागच्या सगळ्या गोष्टीही हात लावून पाहाव्या लागतात. मी पाहिल्या. मला वाटतं, ते अकरा दिवस खरे होते. म्हणून तर जास्त लागलं.

मग मी तहसीलमध्ये गेले. पुन्हा सीमांकन व्हावं म्हणून अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी फाइल काढली, एक कागद माझ्यापुढं सरकवला. “मॅडम, इसमें तो आपकी ही चिट्ठी लगी है। दस्तखत आपके हैं ना?”

“माझेच... मेरे ही हैं।”

“आप ही लिख रही हैं कि ज़मीन इतनी है। अब आप ही कह रही हैं कि नहीं है। हम किसे मानें?”

बरोबर बोलले ते. आपल्या मंडळाविरुद्ध आज सगळ्यात मोठा पुरावा कोणता असेल, तर तो माझी सही. तिथंच बसून मी दुसरा कागद लिहिला. आकडेमोड माझी, बिंदू मी घेतलेले नाहीत, मी जागेवर न जाता सही केली, ही चूक माझी. साहेबांनी तो जोडून घेतला आणि सीमांकनाची तारीख दिली. येत्या शुक्रवारी, सकाळी दहा वाजता. पण म्हणाले, “बिंदू जिसने लिए, वो भी आ जाए तो बात साफ़ हो।”

मी अध्यक्षसाहेबांना भेटून हे सगळं सांगितलं. विश्वासराव, रागावू नका, पण तुम्ही काय म्हणालात ते सभेला कळायला हवं. तुम्ही म्हणालात, “ताई, माणूस गाव सोडून चाललाय. रविवारी निरोप गोड होऊ द्या. मंगळवारी ते गेले की मग बघू.” मी घरी गेले आणि विचार केला. मंगळवारी ते गेले, तर शुक्रवारी त्या जागेवर कोण सांगणार, की मी इथं उभा नव्हतो, तिथं उभा होतो? शिवाय चूक बंद खोलीत झाली नव्हती. याच हॉलमध्ये, तुम्हा सर्वांसमोर माझं पत्र वाचलं गेलं, टाळ्या पडल्या. मग ते मागं घ्यायचं, तर तेही इथंच घ्यायला हवं. म्हणून सांगते, दोन वर्षांपूर्वी माझ्या सहीनं मंडळाला दिलेलं क्षेत्रफळाचं पत्र मी या क्षणी मागं घेते आहे. जागा सहा हजार आहे. आत्यासाहेबांनी दिली तेवढीच आहे. सीमंतिनीबाई, तुमची मी हात जोडून क्षमा मागते.

आणि दिनकरराव, तुम्हाला एकच विनंती. शुक्रवारपर्यंत थांबा. मी येईन, सीमंतिनीबाई येतील. मोजणीला येणाऱ्या पटवाऱ्यासमोर त्या दोन कोपऱ्यांवर उभे राहा आणि सांगा. बाकी तुमच्या हातून मला काही नको.

तुम्ही मान हलवलीत. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला या चष्म्यातून दिसलं नाही. मी थांबते. सभा थांबेल.

...

वहिनी, तुम्ही काय म्हणालात? जरा मोठ्यानं... माईक द्या हो कोणीतरी त्यांना. नको? बरं. मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून मी सांगते. वहिनी म्हणाल्या, “आम्ही थांबतो, ताई. तिकिटं रद्द करू.”

हे वहिनी म्हणाल्या. दिनकरराव अजून काही म्हणालेले नाहीत.

मी त्यांना आणखी अवघडून ठेवत नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्यासाठी माझ्या शुभेच्छा आहेत. त्या मनापासून आहेत का, हे विचारू नका. थोडा वेळ द्या, होतील.

हॉल झाडून सतरंज्या घालणाऱ्या मावशींचे, अर्ध्या भाषणात माईक बंद न करणाऱ्या ध्वनिव्यवस्थेच्या मंडळींचे, नाराज होऊनही मला बोलू देणाऱ्या अध्यक्षांचे, नागपूरहून आलेल्या सीमंतिनीबाईंचे आणि एवढा वेळ चुळबूळ न करता ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानते. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर वयाकडे पाहून सांभाळून घ्या. माझ्या मोजण्यात झालं असेल, तर मात्र सांभाळून घेऊ नका. शुक्रवारी सकाळी दहा वाजता टेप घेऊन या.

नमस्कार.